सांजाबाईची गुलबक्षी

पाय पुसलेत का सगळ्यांनी? मातीचे पाय गोधडीत घातलेले मला चालायचे नाहीत, आधीच सांगते. कुमे, तू भिंतीकडे सरक. आणि नाम्या, मधेमधे ‘मग काय झालं, मग काय झालं’ करायचं नाही. काय झालं ते सांगायलाच बसलेय मी.

एक होता राजा. राजा म्हटलं की तुम्हाला लगेच हत्ती-घोडे दिसायला लागतात. हा तसला नव्हता. चार-पाच गावांचं राज्य, पुढं ओटा नि मागं परस असलेलं घर. राणी तर स्वतःच्या हातानं अंगण सारवायची. त्यांना एकच लेक होती. तिचं नाव सगुणा.

त्या राज्यात एक रीत होती. आपल्याकडंही आहे, बरं का. तिन्हीसांजा झाल्या की मागचं दार लावायचं, पुढचं सताड उघडायचं आणि उंबऱ्यापाशी दिवा ठेवायचा. का? तर सांजाबाई यायची. म्हातारी, जांभळं लुगडं नेसलेली, पदरात झोप बांधलेली. घराघरात शिरायची, पोरांच्या उशाशी चिमूटभर झोप ठेवायची, की निघाली पुढच्या घरी. पण बाई मोठी मानी. लावलेलं दार ती कधी वाजवायची नाही.

राजाच्या घरी दिवा ठेवायचं काम सगुणेचं. राणी शिकवायची, “वात नीट कर गं. हात हलवू नकोस. लांबून येणाऱ्याला दिसला पाहिजे.”

मग काय झालं, राणीला ताप आला. काढे झाले, लेप झाले, नवस झाले. ताप काही उतरेना. एका संध्याकाळी सगुणेनं दिवा घेतला, पुढचं दार उघडलं, हात न हलवता उभी राहिली. आणि आत राणीनं डोळे मिटले. गेली बिचारी.

सगुणा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं एकच गोष्ट मनात धरली. बापाजवळ गेली आणि म्हणाली, “बाबा, मी दार उघडलं. म्हणून सांज आत आली नि आईला घेऊन गेली.”

आता राजानं काय करायला हवं होतं? लेकीला पोटाशी धरून म्हणायला हवं होतं, की नाही गं बाळ, तुझ्यामुळं नाही. एवढंच. पण त्याला बोलता येईना. मग बोलायचं सोडून त्यानं दवंडी पिटवली. ऐका हो ऐका, उन्हं कलली की सगळ्यांनी पुढचं दार लावायचं, मागचं लावायचं, खिडक्या लावायच्या. आजपासून सांजेला या राज्यात थारा नाही!

राजाला अक्कल कमी असते असं नाही हं. दुःखानं माणूस असं करतो.

संध्याकाळी सांजाबाई आली. पहिलं दार लावलेलं. दुसरं लावलेलं. तिसरं लावलेलं. वेशीपासून वेशीपर्यंत फिरली आणि पदर तसाच बांधलेला घेऊन परत गेली.

मग हो काय! त्या राज्यात कुणाला झोपच येईना. तान्ही पोरं रडून रडून निळी व्हायला लागली. बैल गोठ्यात उभेच्या उभे. देवळातल्या पुजाऱ्याचं डोकं इतकं फिरलं की त्यानं देवाला घालायची अंघोळ घंटेला घातली. हसू नका, दात पाडीन. झोप नसली की तुमचंही तसंच होईल.

आणि सगुणा? तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरायचा. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वैद्यानं नाडी पाहिली आणि राजाला बाजूला घेतलं. म्हणाला, “महाराज, औषध चालत नाही. पोरीला झोप लागली तर ती वाचेल. नाही लागली तर मी काही सांगत नाही.”

राजानं मऊ गाद्या आणवल्या. झोप नाही. खसखशीची खीर करवली. झोप नाही. पाळणा म्हणणाऱ्या बायका बसवल्या, तर त्याच म्हणून म्हणून थकल्या. झोप नाही ती नाहीच.

इकडं सांजाबाईला सगळं दिसत होतं. तिला राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं. एके दिवशी जाता जाता तिनं राजाच्या उंबऱ्यावर तीन बिया ठेवल्या. मिऱ्याएवढ्या, काळ्या, सुरकुतलेल्या. मिरी नव्हती बरं का, तोंडात घालायची नाही कुणी! विषारी असते ती बी.

सकाळी बिया सापडल्या सगुणेला. कशाच्या आहेत कोण जाणे. पण आई गेल्यापासून तिला पहिल्यांदाच काहीतरी करावंसं वाटलं. परसात न्हाणीचं पाणी वाहून जायचं, त्या पाटाकडेला तिनं पहिली बी पेरली. आणि उगवली का, म्हणून रोज उकरून बघायची. उकरून उकरून मेली ती बी.

दुसरी पेरली. तिला घागरी घागरी पाणी घातलं. ती कुजली.

मग तिसरी पेरली. भागू माळीण म्हणाली, “ताईसाहेब, आता हिला जरा सोडा. माती लोटा आणि तिचं तिला करू द्या.” सगुणेनं माती लोटली आणि नुसती शेजारी बसून राहायला लागली. मग कोंब आला. दोन पानं आली. मग चार आली. बघता बघता झुडूप तिच्या कमरेला लागलं आणि लांबट लांबट कळ्यांनी भरून गेलं.

सगुणेनं मनात ठरवलं, पहिलं फूल आईच्या पाटावर ठेवायचं. राणी जिथं बसायची तो पाट अजून तिथंच होता, कुणी उचलला नव्हता.

पण फूल उमलेचना! दुपारी बघावं तर कळ्या घट्ट मिटलेल्या. आणि सकाळी उठून बघावं... उठून कसलं, झोप होती कुठं? सकाळी बघावं, तर त्याच कळ्या सुकून, मलूल होऊन लोंबतायत. आज तसंच, उद्या तसंच. तिनं भागूला विचारलं. भागू म्हणाली, “मी उन्हं आहेत तोवर परसात. मी घरी जाते तेव्हा तर कळ्याच असतात.” तिनं बापाला विचारलं. राजा बिचारा टळटळीत उन्हात अख्खा दिवस झाडासमोर बसला. काही नाही. म्हणाला, “झाड वांझ आहे गं. उपटून टाकू का?”

सगुणा म्हणाली, “नको.” आणि झाडापुढं उभी राहिली.

तुम्हाला कळलं ना? कळलं तरी गप्प बसा. त्यांना कळत नव्हतं. कसं कळणार? तिन्हीसांजेला मागचं दार लावायची तर पहिल्यापासूनची रीत. त्यात आता पुढचंही लावलेलं, खिडक्याही लावलेल्या. परसात तेव्हा काय होतं ते कुणाच्या बापानं पाहिलं होतं?

त्याच संध्याकाळी काय झालं, सगुणा बंद घरात आईच्या पाटाशी बसली होती. आणि मागच्या दाराच्या फटीतून वास आला. गोडसर, हलका. ती उठली. दाराशी गेली. फटीला नाक लावलं. पुन्हा आला. तिनं अडसराला हात घातला.

राजा धावत आला. “नको उघडू, बाळ. सांज आहे बाहेर. तुलाही नेईल गं. मग मी कुणाकडं बघू?”

सगुणा भ्यालेली होती. पण ती म्हणाली, “बाबा, माझं झाड बाहेर एकटं आहे.” आणि तिनं अडसर काढला.

दार उघडलं. बघते तर काय! झाड फुलांनी लखलखलेलं. गर्द गुलाबी फुलं आणि तिच्या डोळ्यांदेखत आणखी एक-एक कळी उलगडतेय. आणि झाडाशेजारी, पाण्याच्या पाटाच्या कडेला बसली होती एक म्हातारी. जांभळं लुगडं. पदरात गाठोडं.

सगुणेनं तिला ओळखलं. पळाली नाही. समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, “माझ्या आईला तू का नेलंस?”

सांजाबाई म्हणाली, “मी नेलं नाही, पोरी. ती निघालीच होती. तिला कुणी थांबवू शकत नव्हतं, वैद्य नाही, तुझा बाप नाही, मी नाही. एकटी जाऊ नये म्हणून मी वेशीपर्यंत सोबत गेले.”

“मी दार उघडलं म्हणून ना?”

“दार उघडलंस म्हणून तिला उजेड मिळाला. पुढं सगळा अंधार होता. ती वळून वळून तुझा दिवा बघत होती. वेशीपर्यंत दिसत होता तो. म्हणाली, बघा हो, हात जरासुद्धा हलवत नाही माझी लेक.”

तेव्हा सगुणा रडली. इतक्या दिवसांचं सगळं रडली. राजा उंबऱ्यात उभा होता, तोही आला नि तिला पोटाशी धरून रडला. जे पहिल्याच दिवशी बोलायचं होतं ते आता बोलला. “तुझ्यामुळं नाही गं बाळ. तुझ्यामुळं नाही.”

मग सगुणेनं डोळे पुसले आणि म्हणाली, “सांजाबाई, आई परत येईल?”

सांजाबाई खोटं बोलत नाही. म्हणाली, “नाही. पण ही फुलं येतील. रोज याच वेळेला. तू बघायला येत जा.”

सांजाबाईनं पदराची गाठ सोडली. चिमूटभर झोप सगुणेच्या डोळ्यांवरून फिरवली. पोर बापाच्या खांद्यावरच झोपली, मान टाकून, तोंड उघडं टाकून, आपला नाम्या झोपतो तश्शी.

राजानं तिला निजवलं. मग स्वतः वात केली, स्वतः दिवा लावला आणि पुढचं दार सताड उघडलं. बाहेर जाऊन ओरडला, “उघडा रे दारं! येऊ द्या तिला!” शेजारचं दार उघडलं. त्याच्या शेजारचं उघडलं. वेशीपर्यंत दिवे लागले. सांजाबाई घरोघर फिरली. पोरं झोपली, बैल बसले, पुजारी तर देवळाच्या पायरीवरच आडवा झाला. शेवटची चिमूट राजाला मिळाली.

पुढं झाडाला काळ्या बिया धरल्या. सगुणेनं त्या घराघरात वाटल्या. सांगायची, “एकदाच पेरा. उकरू नका, बुडवू नका.” म्हणून तर परसापरसात गुलबक्षी असते. आपल्या न्हाणीमागंही आहे ती. सगुणा बाळसं धरून मोठी झाली, राजा म्हातारा झाला. रोज तिन्हीसांजेला दोघं परसात बसायची, पहिलं फूल आईच्या पाटावर ठेवायची आणि मग पुढं जाऊन दिवा ठेवायची. सुखानं राहिली.

कुमे, आपल्याकडं उंबऱ्यावर दिवा कोण ठेवतं? तू ना? आज हात हलत होता तुझा, मी बघितलंय. उद्यापासून नीट धरायचा. कोण कुठून बघत असतं, आपल्याला ठाऊक नसतं.

नाम्या झोपला वाटतं. पांघरूण ओढ त्याच्या अंगावर. सांजाबाई मघाशीच येऊन गेली, तुमच्या वाटणीची झोप उशाशी ठेवलीय. आता बडबड पुरे. मिटा डोळे.