टिटवीची राखण

एका उघड्या माळावर एक टिटवी आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. पिल्ले अजून उडत नव्हती. मुलांनो, त्यातच उन्हाळा कडक पडला. उघड्यावरचे किडे संपले. जे उरले ते गवताच्या बुडाशी दडून बसले. लांब जाऊन चारा आणावा, तर आकाशात घार टपलेली. घरी बसावे, तर पिल्ले उपाशी. हरणांचा कळप चालला की खुरांपुढे गवतातले नाकतोडे उडतात, हे टिटवीने पाहिले होते. एकदा कळप जवळून जाताना तिने धीर करून म्हाताऱ्या हरिणीला हाक मारली.

"आजी, मला तुमच्या राखणीचे काम द्याल का? त्याबद्दल माझ्या दारापुढून चरत जा. तेवढ्यात लेकरांचे भागेल."

"बाई, आमचा राखणदार उंबराच्या शेंड्यावर बसतो. तशी रीतच आहे."

"मला फांदीवर बसता येत नाही, आणि पिल्लांना सोडूनही येववत नाही. मी इथूनच लक्ष ठेवीन."

उंबरावरचा वानर खो खो हसला. "घरी बसून राखण? टिटवीबाई, तुम्ही आपली पिल्लेच सांभाळा. शिवाय तुमचे ओरडणे म्हणजे अपशकुन."

टिटवी पिल्लांकडे वळली. "आई, भूक," धाकटे पिल्लू म्हणाले. "हो रे राजा," म्हणत तिने त्याला पंखाखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी कळप पाण्यावर निघाला. वारा पडला होता, तरी गवताचे शेंडे हलत होते. वानराला वरून नुसते पिवळे गवत दिसले. टिटवीला मात्र त्यातून सरपटणारा लांडगा दिसला. गप्प राहिली असती, तर तो तिच्या घराकडे न बघता गेला असता. तिने पिल्लांना जमिनीला चिकटून पडायला सांगितले आणि ती वर झेपावून जिवाच्या आकांताने ओरडू लागली. हरणे उधळली. लांडगा चरफडत परतला.

संध्याकाळी हरिणी आपल्या नातवाला, एका लहानग्या पाडसाला, घेऊन आली. "हा आज तुझ्यामुळे वाचला. उद्यापासून राखण तुझी."

"पण आजी, मी इथून हलणार नाही."

"तू कशाला हलतेस? आम्हीच इकडून येऊ."

सकाळी कळप टिटवीच्या दारावरून गेला. नाकतोडे उडाले आणि पिल्ले तुरुतुरु त्यांच्यामागे धावत सुटली. टिटवी मान उंचावून गवताकडे पाहत होती. तिला स्वतःला खायला सवड झाली ती सर्वांत शेवटी.

तात्पर्य : काम चोख होते की नाही ते पाहावे, ते कोठे बसून होते, याचा हट्ट धरू नये.