घुशीचे दार

एका रानाच्या कडेला, भुईमुगाच्या शेताला लागून, एक घूस आपल्या पिलांसह राहत असे. साऱ्या घुशींप्रमाणे तिच्याही बिळाला दोन दारे होती. पुढचे रोजच्या येण्याजाण्याचे, आणि मागचे, काटेरी झुडपात उघडणारे, संकटात पळण्यासाठी. त्या वर्षी शेंगा भरघोस आल्या. घुशीने त्या बिळात आणून रचून ठेवल्या. मग काय, हात लांबवला की शेंग! जागचे उठायचे कारणच उरले नाही.

एके सकाळी ती पुढच्या दारात अडकली. दोष कोणाचा? तिच्या मते दाराचा. पावसाने माती फुगली आहे, असे पिलांना सांगून तिने शेजारच्या उंदराकडून दार रुंद करून घेतले. काही दिवसांनी ती पुन्हा अडकली. या खेपेला म्हणे शेंगाच फार तेलकट निघाल्या, त्याला ती तरी काय करणार? माती उकरता उकरता उंदीर भीतभीत म्हणाला, "ताई, दार काही लहान झालेले नाही. तुम्ही जरा वाढल्या आहात." घुशीला राग आला. आमच्याकडे सगळ्यांची हाडेच मोठी, असे सुनावून तिने त्याला पुन्हा कामाला लावले. मागच्या दाराचा विचार मात्र दोघांनीही केला नाही.

एके संध्याकाळी एक रानमांजर तिकडून चालले होते. आजवर त्याचे डोकेही त्या बिळात मावत नसे. आज ते खांद्यांसकट आत शिरले. घुशीने पिलांना भराभर मागच्या दाराने बाहेर ढकलले आणि स्वतः निघाली, तोच कमरेशी अडकली. पिले रडत रडत तिचे पुढचे पाय ओढू लागली. आपण गेलो तर यांचे कसे होणार, हा एकच विचार घुशीच्या मनात आला. तिने जिवाच्या आकांताने अंग रेटले. कातडी सोलली, शेपटीचा शेंडा मांजराच्या दातांत राहिला, पण ती सुटली आणि पिलांना घेऊन काट्यांत दडून बसली.

दुसऱ्या दिवशी उंदीर चौकशीला आला. शेपटी पाहून तो हळहळला आणि मागचे दारही मोठे करून देतो म्हणाला.

"नको," घूस म्हणाली. "पुढचेच लिंपून पूर्वीएवढे करू. बारीक मला व्हायचे आहे."

"मग तुम्ही आत कशा जाणार?"

"मावेन तेव्हा जाईन. तोवर पिले आत झोपतील, मी बाहेर."

साठवलेल्या शेंगा तिने उंदराला देऊन टाकल्या. रोज ती शेतापर्यंत चालत जाई, भुकेपुरते खाई आणि रात्री मागच्या दाराशी, काट्यांच्या आडोशाला पडून राही. काही दिवस फरकच दिसेना, तेव्हा तिला रडू येई. तरी दाराला तिने पुन्हा बोल लावला नाही. पुढे थंडी पडू लागली. एका पहाटे पिलांना जाग आली, तेव्हा आई त्यांच्या कुशीला झोपलेली होती.

तात्पर्य : शरीर आपले आहे, तेव्हा ते आटोक्यात ठेवण्याचे कामही आपलेच, ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.