तक्त्याशेजारचा आलेख

जिल्हा आरोग्य अधिकारी साखळकरसाहेबांनी भर बैठकीत अहवाल परत केला. सांख्यिकी विभागातल्या निर्मला वळवींनी लसीकरणाचा तक्ता आणि आलेख एकाच पानावर शेजारी शेजारी मांडले होते.

“आकडे दिलेत ना? मग चित्रं शेवटी टाका.”

शेवटची पानं कोणी उघडत नसे, आणि डोंगरपाड्यांची घसरलेली रेघ आलेखातच चटकन दिसत होती. निर्मलाताई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, मुलीसाठी स्थळ आलं आणि माहितीशेजारी फोटो नसला, तर तुम्ही होकार कळवाल का?”

बैठकीत हशा पिकला. साहेबही हसले आणि त्यांनी ते पान नीट पाहिलं.

“या पाड्यांवर लस पोचत नाही?”

“नाही, साहेब.”

“मग उद्याची गाडी आधी तिकडे जाऊ दे. आणि हे पान असंच राहू दे.”