लवूने पोचती केलेली भेट

खाडीच्या तोंडाशी सावरबंदर नावाचं गाव आहे. तिथे लवू मयेकर नावाचा एक भोळा गडी राहायचा. वय अडतीस. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. गाव त्याला येडा म्हणायचं. गावात सांगणारे भरपूर होते. करणारा एकटा लवू.

त्याच गावात भिकाजीतात्या जांभळाची वाइन करायचे. होड्या ठेवायची जुनी शेड, आत तीन पिंपं, बाहेर पाटी: वायनरी. गाव माडी पिणारं. तात्यांच्या वाइनला कुणी हात लावत नव्हतं. यंदा खपली नाही तर शेडला टाळं, असं त्यांच्या बायकोने, काशीकाकूने, सांगून टाकलं होतं.

अशात ठरलं की पर्यटकांचं मोठं जहाज एका शनिवारी दिवसभर गावासमोर नांगर टाकणार. पाहुणे लाँचने धक्क्यावर येणार, वायनरी बघणार, जेवणार, पाचला परत. जहाज कंपनीचं कामकाज बघणाऱ्या शेट्येबाई सोबत असणार. त्यांना पटलं तर हंगामभर दर शनिवारी जहाज थांबणार. नाही पटलं तर जाणार पुढच्या बंदराला.

गावाने लगेच स्वागत समिती केली. सगळी साठीच्या वरची. अध्यक्ष बापू खोत, वय ब्याऐंशी. कामाला लवू.

त्या शनिवारी सकाळी तात्यांनी लवूला बाटल्या बाहेर काढायला सांगितल्या. लवूने काढल्या आणि उन्हात ओळीने उभ्या केल्या. तात्या खेकसले. वाइन अशी ठेवतात का? अंधारात न्यायची, आडवी करायची, वर ओलं पोतं टाकायचं.

"बरं," लवू म्हणाला.

मग बापूंनी आपलं भाषण त्याच्याकडे दिलं. बारा पानं, शाईच्या पेनाने लिहिलेली. नीट ठेव म्हणाले. लवूने भाषण अंधारात नेलं, आडवं केलं, वर ओलं पोतं टाकलं. तासाभराने बापूंच्या हातात निळा लगदा आला. त्या दिवशी गावावर झालेला हा एकमेव उपकार. पण बापू भडकले. मोलाची गोष्ट अशी दडवतात का? ती दोन्ही हातांनी उंच धरायची, चारचौघांतून मिरवत आणायची.

"बरं."

लाँच आली. तात्या लवूच्या कानाशी लागले. शेट्येबाईंना नीट उतरवून घे, आपल्याला आज त्यांच्याइतकं मोलाचं कुणी नाही. झालं. लवूने शेट्येबाईंना दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि धक्क्यावरून मिरवत आणलं. ढोलवाल्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे. त्यांनी ठेका वाढवला. बाई खाली उतरल्या, केस सारखे केले आणि शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, हात अजिबात लावायचा नाही. लांबून नमस्कार करायचा. तेवढा पुरे."

"बरं."

तेवढ्यात दुसरी लाँच धक्क्याला लागत होती. खलाशाने बांधायला दोर फेकला. तो लवूच्या पायाशी पडला. लवूने हात लावला नाही. चार पावलं मागे सरला आणि दोराला नमस्कार केला. लाँच वीस पाहुण्यांना घेऊन ओहोटीबरोबर निघाली. पाहुण्यांनीही उलट हात जोडले. अर्ध्या तासाने मच्छीमारांनी त्यांना ओढून आणलं. समितीतला एकही माणूस दोर उचलायला वाकला नव्हता. कंबर दुखते म्हणे. शिव्या द्यायला कंबर लागत नाही, त्या सगळ्यांनी दिल्या.

मग शेडमध्ये वाइन चाखायचा कार्यक्रम. शेट्येबाईंनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. तात्यांचा चेहरा उतरला. बाई हसल्या. वाइन छान आहे म्हणाल्या, चाखायची रीतच अशी असते. घोट घ्यायचा, घोळवायचा, थुंकायचा आणि मग मत सांगायचं. पाहुण्यांनी तसंच केलं. समितीने फक्त पहिला भाग केला. बापूंनी थुंकणाऱ्यांकडे बघून हळहळ व्यक्त केली आणि चौथा पेला मागितला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तात्यांनी तिरक्या मानेने वाचलं. चांगलं होतं.

जेवायला सुरमईचं कालवण होतं. काशीकाकूने लवूलाही पंगतीत बसवलं. लवूने घास घेतला, घोळवला, बादलीत थुंकला आणि मोठ्याने मत सांगितलं.

"चांगलं आहे."

दुसरा घास. "चांगलं आहे." तिसऱ्याला पाहुण्यांचे हात थांबले. चौथ्याला समोरच्या आजी पदर तोंडाला लावून उठल्या. शेट्येबाईंनी वहीतलं पान फाडलं.

काकूने लवूचा कान धरला. मेल्या, हातात आलेलं पोटात घालायचं असतं, शेवटच्या थेंबापर्यंत.

"बरं."

तात्यांकडे आता एकच उपाय उरला होता. सात वर्षं मुरवलेल्या वाइनची एकुलती एक बाटली. ती कप्तानाला भेट द्यायची, म्हणजे कप्तान बाईंकडे शब्द टाकेल. त्यांनी बाटली लवूच्या हातात दिली आणि सदरा बदलायला गेले. लवूने ती पोटात घातली. शेवटच्या थेंबापर्यंत.

तात्या परत आले. ओरडले नाहीत. रिकामी बाटली उलटी करून बघितली. मग खोल आवाजात म्हणाले, "अरे लवू, जपायची गोष्ट गुंडाळायची, लाँचमध्ये आडवी ठेवायची, जहाजावर पोचती करायची. आतून गुरगुर आली तरी उघडायची नाही. वाइन जिवंत असते."

"बरं."

साडेचार वाजले. पाहुणे लाँचमध्ये चढू लागले. शेट्येबाई तात्यांना म्हणाल्या, माणसं तुम्ही चांगली आहात, पण यापुढे आम्ही दुसरं बंदर बघू. तात्या पायरीवर मटकन बसले. शेडच्या दारात बापू नऊ पेले रिचवून घोरत पसरले होते. तात्या खालमानेनेच लवूला म्हणाले, ह्यांना उचल रे, जपून पोचव.

लवूने बापूंना गोधडीत गुंडाळलं, लाँचमध्ये आडवं ठेवलं, वर ओलं पोतं टाकलं. आतून गुरगुर येत होती. त्याने उघडलं नाही. कप्तानाची भेट समजून खलाशांनी ते गाठोडं जहाजावर चढवलं. पाचला भोंगा झाला आणि जहाज गेलं.

दिवेलागणीला तात्यांचा फोन वाजला. शेट्येबाई होत्या. तुमच्या भेटीतून एक वृद्ध गृहस्थ निघालेत आणि कप्तानाला भाषण देतायत. आता त्यांना आणून सोडायला येत्या शनिवारी यावंच लागेल.

बापूंचं काय, हे समितीत कुणीच विचारलं नाही. तात्या तेवढं म्हणाले, "म्हणजे शनिवारी जहाज येणार."

ज्यांनी दिवसभर लवूला शिव्या दिल्या त्यांनीच त्याची पाठ थोपटली. तात्यांनी तर त्याला जवळ घेतलं. "लवू, जन्मात एक काम बरोबर केलंस. आपला माणूस तिकडे असला की जहाजाला यावंच लागतं. लक्षात ठेव."

"बरं."

शनिवारी जहाज आलं. बापू उतरले. पाहुणेही उतरले, जेवले, साठ बाटल्या घेऊन गेले. पाचला जहाज सुटलं. काकू शेड बंद करायला तात्यांना हाका मारत धक्क्यावर आली. तिथे लवू एकटा उभा होता.

"तात्या कुठे रे?"

"पोचते केले, काकू. फार गुरगुरत होते, पण उघडलं नाही."

तेव्हापासून दर शनिवारी जहाज न चुकता थांबतं. समितीत अजून अकरा जण शिल्लक आहेत. हंगामाचे शनिवार चौदा उरलेत. म्हणून लवू सध्या शेजारच्या गावात म्हातारे बघत फिरतोय.