भुरीची कढी

प्राणी घरोघरी दूध विरजत, त्या काळची ही गोष्ट. रानातलं सगळं दही गोदाक्का शेळीच्या विरजणातून आलेलं. विरजण देताना तिची अट एकच असे, "खा, विका, हवं ते करा. पण तुमच्या दारी कुणी विरजण मागितलं, तर नाही म्हणू नका."

भुरी मांजरीने ते नेलं आणि विरजण सुधारत खपून खपून असं दही लावलं, की सुरीने वड्या पाडाव्यात! त्याची कढी करून ती विकू लागली. दारात ही गर्दी!

खारीला राहवेना. "भुरीताई, कढी इतकी दाट कशी गं होते? चमचाभर विरजण दे ना."

"कढी घे हवी तेवढी. विरजण मिळायचं नाही. मेहनत माझी आहे."

खारीने घरी जाऊन दुधात कढीच घालून पाहिली. शिजलेल्या कढीने कुठलं दही लागायला! दूध नासलं.

एके दुपारी भुरीला आपल्याच दह्याचा मोह आवरला नाही. तिने मडकं तळापर्यंत चाटून लख्ख केलं. विरजणापुरतंही दही उरलं नाही.

ती गोदाक्काकडे धावली. गोदाक्काने चमचाभर विरजण पुढे केलं.

"हे नको गं, अक्का. माझं ते घट्ट दह्याचं हवंय."

"मग ज्यांना दिलं असशील, त्यांच्याकडे माग की."

भुरीने रानभर नजर फिरवली. घरोघरी तिची कढी उकळत होती.