सवतीचा भराव

हा समोर दिसतो तो शेवंती नदीवरचा नवा पूल. पण पावणं, पूल मागनं बघा, आधी इथे खाली वाका. रस्ता पुलाला भिडतो त्या भरावात जात्याच्या गोल दगडी तळ्या दिसतात का? पाटे, वरवंटे, ते एक फुटकं उखळ? आमच्या गावात जुनं जातं कुणी विकत नाही, ते इथे येतं. याला सवतीचा भराव म्हणतात, आणि सवत म्हणजे ही नदी. हसू नका, ऐका.

फार मागे शेवंतीच्या पुरात इथला पूल वाहून गेला आणि नवा बांधायचं काम येसू पाथरवटाकडे आलं, असं सांगतात. त्याची बायको गोजरा. कामाच्या मुहूर्ताला येसूनं नदीची ओटी भरली आणि तिला हिरवं, जरीकाठाचं लुगडं सोडलं. तसलंच लुगडं गोजरा दोन दिवाळ्या मागत होती म्हणे! हिच्या अंगावर ठिगळाचं, आणि त्या बयेला काठाचं. गोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे तर कहरच झाला. येसूचं जेवण नदीवर, झोप नदीवर. कधी घरी आलाच तर तोंडी तिचंच नाव, तेही लाडाचं. शेवंता आज रुसलीय, शेवंता आज लई गुणाची वागली.

"आणि गोजरा कशी हाय, ते कधी इचारलंसा का?" तिनं एकदा म्हटलं. तो नुसता हसला आणि पाणी पिऊन परत कामावर गेला. त्या दिवसापासून गोजरानं नदीवर घागर नेली नाही. आडाचं मचूळ पाणी प्यायची, पण सवतीचं नको.

आषाढात पाणी चढलं. कमानी पुऱ्या झाल्या होत्या, पण दोन्ही टोकांचे भराव नुसत्या मातीचे. येसू खांब बघायला पुलाच्या मधोमध गेला आणि मागचा भराव खचला. पलीकडचा तर आधीच गेला होता. पूल उभा, पण त्याला रस्ताच नाही, आणि पाणी कमानींच्या गळ्याशी आलेलं. काठावर गडीमाणसं हात जोडून उभी राहिली. एक म्हातारा म्हणाला, "नदीनं माणूस मागितलाय. घेऊ दे. पूल तरी टिकंल."

हे ऐकलं आणि गोजरा पिसाळली.

"टवळे, लुगडं नेलंस ते ने! नवरा माझा हाय!"

ती घरात शिरली, जातं उपटलं, एकेक तळी डोक्यावर आणून भगदाडात लोटली. माती टाकली की वाहून जात होती, पण हा दगड तळाला बसला. मग पाटा गेला, उखळ गेलं. घरातला दगड संपला तशी ती बायकांवर ओरडली, "बघताय काय? तुमचेबी सारा उन्हाळा हिच्याच काठाला पडलेले व्हते. आज माझा नेती, उद्या तुमचा!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनाही ते सलत होतंच की. बघता बघता घराघरातून जाती निघाली, मग गडीही लाजून हात लावायला आले, आणि भगदाडात पाय ठेवण्यापुरती वाट झाली.

येसू दगडांवरून काठाशी आला. गोजरानं हात पुढे केला. त्यानं तो धरला, आणि मान वळवून मागे बघत म्हणाला, "खांब जरासुद्धा हलला नाय बघ, गोजरे!"

गोजरानं गावादेखत त्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याच्याच छातीवर डोकं टेकून रडली. त्या दिवशी गावात दळायला जातं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी जोंधळ्याच्या घुगऱ्या खाल्ल्या म्हणे. तो भराव पुन्हा कधी खचला नाही.

मागच्या महापुरात येसूचा पूलही गेला. भराव तेवढा राहिला, तोच रुंद करून हा रस्ता जोडला. आजही पूल नवा झाला की पहिलं पाऊल पुढाऱ्याचं नसतं, पूल बांधणाऱ्याच्या बायकोचं असतं. तिनं भरावात वरवंटा ठेवायचा आणि नदीला सांगायचं, लुगडं घे, माणूस माझा. परवा इंजिनिअर साहेबांच्या बाई पुण्याहून आल्या होत्या. हे ऐकून खूप हसल्या. मिक्सर ठेवला तर चालेल का, म्हणाल्या. तेवढ्यात साहेब पाण्याकडे बघत बोलून गेले, "दोन वर्षं झाली, पण ही नदी सोडून जायला मन होत नाही."

बाईंचं हसू तिथेच थांबलं.

"द्या तो वरवंटा इकडे," त्या म्हणाल्या. आणि नदीला असं काही सुनावलं, की पलीकडच्या काठावरनं बायकांनी हात वर करून ओरडून सांगितलं, "बराबर हाय, बाई! अजून जोरात!"