एकदाही न थांबलेली मशीन

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. आभाळ भरून यायचं, पण थेंब पडायचा नाही. सातपूरच्या कारखान्यांकडची धूळ डोळ्यांत जात होती, पत्रे वाजत होते. कुणाला एका जागी बसवत नव्हतं.

“पण सर, आता माझं शिकायचं राहिलंय काय?” मकरंद विचारत होता.

लोहोकरे सर माझे शेजारी. मशीनला पीएलसी बसवण्यात त्यांचा जन्म गेला. पीएलसी म्हणजे पॅनलमधला डबा. कधी चालायचं, कधी थांबायचं, हे मशीनला तो सांगतो. मला त्यातलं एवढंच कळतं. मकरंद सरांच्याच हाताखाली तयार झालेला. पुण्यातल्या मोठ्या कामासाठी सरांनी आपलं नाव सुचवावं, म्हणून आला होता. आम्ही तिघं सरांच्या ओट्यावर, अगदी रस्त्याला लागून.

“कारखान्यातली ती पत्र्याची झाकणं ठोकणारी प्रेस आठवडाभर थांबली नाही सर. मालक खूश आहे.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

सरांनी चहाची बशी खाली ठेवली.

“आधी का थांबायची रे?”

“पुढे तो उजेडाचा पडदा आहे ना, हात आत गेला की मशीन थांबवणारा. पत्रा ठेवताना मशीनवरच्या मंदाताईंचा हात जरा रेंगाळला, की प्रेस बंद. दिवसभर तेच! डोकं उठायचं.”

“मग आता मंदाताई हात घालत नाहीत?”

“घालतात की. मी पीएलसीलाच सांगून टाकलं, पडदा मोकळा आहे म्हणून. काही झालं तरी मोकळाच.” तो हसला. “तात्पुरतं हो...”

सर उठले. मकरंदचा दंड धरून त्याला ओट्याखाली, रस्त्याच्या कडेला नेलं. मागे उभं राहून त्याच्या डोळ्यांवर तळवे ठेवले. समोरून टेम्पो धावत होते.

“रस्ता मोकळा आहे,” सर म्हणाले. “चल.”

मकरंदचा पाय उचलेना.

“अरे, मी सांगतोय ना? मोकळा आहे. चल.”

“सर, हात काढा ना...”

सरांनी काढले नाहीत. एक टेम्पो हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. मकरंद अंग चोरून उभा...

मग त्याचा आवाजच बदलला. “सर, दुसरी पाळी सुरू झाली असेल. मंदाताई बसल्या असतील मशीनवर.”

तेव्हा सरांनी हात काढले.

मकरंदनं फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. तो ओट्यापासून रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा. घामानं बोट घसरत होतं. मी पाणी पुढे केलं, ते त्याला दिसलंच नाही.

शेवटी फोन उचलला गेला. मागे प्रेसचा दणका इकडे आम्हालाही ऐकू येत होता.

“मंदाताई, मशीन बंद करा! आत्ताच्या आत्ता!”

“आता? अहो साहेब, कधी नाही ते छान चाललंय या आठवड्यात.”

“बंद करा म्हणतो ना! हात बाहेर घ्या!”

“बाहेरच आहेत. फोन काय पायानं धरलाय?”

दणका थांबला.

मकरंद तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसला. मग उठला, सरांच्या पायांना हात लावला आणि गाडीला किक मारून कारखान्याकडे निघाला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. सरांनीही काढलं नाही.

वारा काही पडत नव्हता. मला राहवेना.

“सर, पोरगं शिकलं म्हणायचं का?”

सर रस्त्याकडे बघत होते.

“आबा, उद्या मशीन चारदोनदा थांबली, तर शिकलं म्हणायचं.”